तानूच्या पत्रातली अक्षरं

वालूरला बायकांचा साक्षरता वर्ग सुरू झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. साल एकोणीसशे ऐंशी, महिना मार्गशीर्ष. मॅट्रिक होऊन मला पाच वर्षं झाली होती. डी.एड.ला परभणीला पाठवा म्हणून मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, खूप मागं लागले होते, पण एकट्या पोरीला होस्टेलला कसं ठेवायचं, या विचारात ते राहूनच गेलं. मी त्यांच्या दुकानात बसून साखरेच्या पुड्या बांधत राहिले. मग सरकारी योजना आली आणि वर्ग चालवायला गावात शिकलेली बाई मीच एकटी निघाले, म्हणून अप्पांनी एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊ दिलं.

ते एकवीस दिवस परभणीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तीसजणी सतरंजीवर ओळीनं झोपायचो आणि सकाळी नळावर नंबर लावायचो. घरी परत येताना एसटीत मी सेलू येईपर्यंत रडत होते. तसे दिवस पुन्हा यावेत असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तिथं आबासाहेब नावाचे एक वयस्क गुरुजी शिकवायला होते. ते म्हणायचे, "धडा घ्यायच्या आधी कागदावर एकच ओळ लिहायची. मी काय शिकवणार, ती ओळ नव्हे. धडा संपल्यावर समोरची बाई काय करू शकंल, ती ओळ. ती जमली तरच पुढचं टाचण काढा."

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि गावी येऊन विसरले. कारण गावी येताना हातात गुंडाळी फळा होता, खडूचे डबे होते, वीस पाट्या होत्या आणि छापील वाचनपाठाची पुस्तकं होती. पुस्तकात सगळं ठरलेलं होतं. पहिल्या धड्यात क, म, ळ. दुसऱ्यात घ आणि र. पान उलटायचं आणि शिकवायचं, एवढंच काम उरलं होतं.

दुपारी जेवणं आटोपली की दोन ते चार महादेवाच्या सभामंडपात वर्ग भरायचा. अठराजणी यायच्या. त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच धड्याला पेंगायच्या, कारण पहाटेपासून शेतात राबलेल्या बाईला कमळाशी काय घेणं असणार! एक मात्र कधी पेंगली नाही. ती म्हणजे धुरपताबाई, माणिकराव पाटलांची बायको. पंचेचाळिशीची, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. खांबाला टेकून बसायची आणि फळ्याकडं असं बघायची, जसं कुणी लांबच्या वाटेकडं बघावं. दोन महिने झाले तरी तिला क आणि फ यांतला फरक कळत नव्हता. मी मनातल्या मनात तिला ढ ठरवून टाकलं होतं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली. बाहेर ती मला नागू म्हणायची, वर्गात बाई.

"बाई, ह्या पुस्तकात 'ता' कवा येनार?"

मी पानं चाळली. "नवव्या धड्यात, मावशी."

"आन् 'नू'?"

"ते उकार फार पुढं आहेत. चौदाव्यात."

ती हिशेब करत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पावसाळा उजाडंल."

ती निघून गेली आणि मला एकदम उमगलं. ता आणि नू. तानू.

तानूची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तानुबाई ही धुरपतामावशीची एकुलती मुलगी. परभणीला कॉलेजात शिकत होती. तिथं बरोबरच्या नागनाथशी तिनं लग्न केलं, अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये, नोंदणी पद्धतीनं. नागनाथ बौद्ध समाजाचा. माणिकरावांनी आधी आरडाओरडा केला, मग गप्प झाले. जरा दिवस गेले असते तर कदाचित निवळलेही असते, असं अप्पा म्हणायचे. पण जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. नागनाथच्या आईबापांचं घर कुठल्यातरी खेड्यात जाळलं गेलं. गावागावांत माणसं दोन बाजूंना उभी राहिली आणि माणिकरावांना तर मधे उभं राहायलाही जागा उरली नाही. त्यांनी जाहीर करून टाकलं की मला मुलगी नव्हतीच. नागनाथ आणि तानू औरंगाबादला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी धुरपतामावशीला वर्गाच्या आधी बोलावलं. विचारलं, "मावशी, तुम्हाला लिहावाचायला आलं की काय करायचंय?"

कुणीतरी हे विचारायला दोन महिने उशीर केला होता, आणि तो मीच केला होता.

ती पदर सावरत म्हणाली, "माझ्यापशी एक पत्र हाय. कापूस येचायच्या दिसात मालक रानात होते, तवा पोष्टमननं माझ्या हातात दिलं. आदीची तीन चुलीत गेली, मी डोळ्यांनी बघितली. हे मी लपवून ठिवलंय. सवा साल झालं."

"अहो, मग आणा ना! मी वाचून दाखवते."

"न्हाई."

"मी कुणाला सांगणार नाही, मावशी."

"तू सांगनार न्हाईस, ठावं हाय मला. पर पोरीचं बोलनं दुसऱ्याच्या तोंडातून नको मला. रडायचं आसंल तर माजी मी रडन. माजं मला वाचायचंय."

त्या दिवशी मी आबासाहेबांची ओळ वहीत शोधून काढली आणि तिच्याखाली लिहिलं: धुरपताबाई हातानं लिहिलेलं एक पत्र, कुणाच्या मदतीशिवाय, स्वतः वाचू शकतील. लिहून झाल्यावर त्या ओळीकडं बघत बसले. पुस्तकातला एकही धडा तिथपर्यंत जाणारा नव्हता. आणि ज्या पत्रासाठी शिकवायचं, ते मला बघायला मिळणार नव्हतं.

मग मी विचार केला की आईला मुलगी काय लिहील? आई, बाबा, तब्येत, घर, माहेर, आठवण, ये, येते, नको, काळजी. असे साठेक शब्द मी काढले. अप्पांच्या दुकानात लग्नपत्रिकांची रद्दी पडलेली असायची, तिच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर लिहून तुकडे कापले. मागं वाळूचा कागद चिकटवला. एका फळीवर जुनं खरखरीत कांबळं ताणून ठोकलं. त्यावर तुकडा दाबला की चिकटून बसायचा, उचलून दुसरीकडं लावता यायचा. 'आई' लावायचं, मग 'आई ये', मग 'आई येते'. बायका पहिल्यांदाच उठून फळ्यापाशी आल्या. पंचफुला नावाची एक मजूर बाई तर अक्षरं खुरप्यासारखी मुठीत धरायची. तिनं पहिलं वाक्य लावलं ते 'नवरा नको.' सगळा सभामंडप हसला.

धुरपतामावशीनं स्वतःचा एक मार्ग काढला. पत्र ती घरातून बाहेर आणत नसे. रोज सकाळी एकच आकार नजरेत भरून घ्यायची, रांगोळीचं ठिपक्यांचं चित्र ध्यानात ठेवावं तसा, आणि दुपारी येऊन पाटीवर काढायची.

"हे काय हाय, बाई?"

एक दिवस तिनं 'रव' काढलं. मी म्हटलं, "रव. म्हणजे आवाज."

"आसं कसं? फुडं 'र' आन् 'च' हाय."

मी हाताशी पाटी घेऊन लिहून पाहिलं आणि लक्षात आलं. तो 'ख' होता. छापील पुस्तकातला ख वेगळा आणि माणसं घाईत लिहितात तो वेगळा, तो सुटून रव दिसतो. खरच म्हणजे खरंच. ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात शिकवलेली नव्हती. मावशी पुस्तक पाठ करून बसली असती तरी ते पत्र तिला वाचता आलं नसतं. त्या संध्याकाळी मी सगळे तुकडे पुन्हा लिहिले, एका बाजूला छापील वळण आणि दुसऱ्या बाजूला हाताचं. अप्पांकडून, पोस्टमनकडून, शाळेच्या हेडमास्तरांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि त्या वर्गात वाचायला ठेवल्या.

मला एक गोष्ट मात्र जपावी लागत होती. रोज एक आकार म्हणजे महिन्याला पंचवीस. मनात आणलं असतं तर ते जुळवून मला पत्राचा अंदाज करता आला असता. 'डि' आला, 'से' आला, 'खि' आला, 'स्टे' आला. दुकानात पुड्या बांधताना ती अक्षरं आपोआप शेजारी शेजारी येऊ लागायची. मग मी मोठ्यानं गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचे. ते पत्र माझं नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात पर्यवेक्षक आले. दिनकरराव म्हणून होते, मोटारसायकलवरून चिखल उडवत यायचे. त्यांनी हजेरीपट पाहिला, पुस्तकं पाहिली. सहाव्या धड्यापुढची पानं कोरी करकरीत होती.

"धडा किती झाला, बाई?"

"पुस्तकाप्रमाणे नाही घेत, साहेब. बायकांना जे लागतं ते आधी घेते."

"हे तुम्ही ठरवणार? पुण्यात विद्वान माणसांनी बसून क्रम लावलाय." त्यांनी शेरेबुक मागवलं, भराभर दोन ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावलं. मग समोर बसलेल्या धुरपतामावशीला, थोडी परीक्षा घ्यावी म्हणून, म्हणाले, "काय येतं तुम्हाला वाचायला? सातवा धडा काढा."

मावशीनं पुस्तक घेतलंच नाही. तिनं सरळ शेरेबुक आपल्याकडं ओढलं आणि साहेबांनी आत्ताच खरडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पु-स्त-का-चा... क्र... क्रम... पा-ळ-त... नाही. बाईंना... स-म-ज... द्या-वी."

दिनकररावांचं अक्षर असं होतं की कचेरीतले कारकून कागद त्यांच्याकडं परत पाठवायचे. त्यांनी मावशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे कसं वाचलं हिनं?"

"हाताचं वाचायलाच शिकायलेय मी," मावशी म्हणाली. "छापील नंतर बगू."

त्यांनी तो शेरा खोडला नाही, पण खाली आणखी एक ओळ लिहिली: तथापि वाचन समाधानकारक. जाताना चहा घेतला. पुढच्या खेपेला ते बॅटरीवर चालणारं चित्रपट्टीचं यंत्र घेऊन आले आणि भिंतीवर नारूचा रोग, उकळलेलं पाणी असं काय काय दाखवलं. बायकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं. पण यंत्र परत गेल्यावर बायका पुन्हा कांबळ्याच्या फळीपाशीच आल्या, कारण तिथं त्यांना आपलं वाक्य आपल्या हातानं लावता यायचं.

डिसेंबरात एका दुपारी धुरपतामावशी वर्गाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वर्ग सुटायच्या वेळेला आली आणि सगळ्या गेल्यावर खांबापाशी बसली. पदरातून तिनं निळं आंतर्देशीय पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"बस," ती मला म्हणाली. "आईक."

आणि तिनं ते वाचलं. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, चुकलं तर मागं जाऊन, आवाज कुठंही न कापता.

"'प्रिय आईस तानूचा नमस्कार. तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र कोण वाचेल ते मला माहीत नाही. जो कोणी वाचेल त्याला हात जोडून विनंती, आईला खरं खरं वाचून दाखवा. आई, तुझी नात सात महिन्यांची झाली. तिचे कान खरंच तुझ्यासारखे आहेत. यांना रेल्वेत नोकरी लागली, आता आम्ही सिकंदराबादला जाणार. बुधवारी, पाच डिसेंबरला आमची गाडी सेलूला पाच मिनिटं थांबेल. तू स्टेशनवर ये. मी खिडकीत बसेन, पोरीला हातात धरून. काही बोलायचं नसलं तरी ये. नुसतं बघून जा.'"

खाली सिकंदराबादचा पत्ता होता, रेल्वेच्या वसाहतीतला.

"कोनत्या सालचा डिसेंबर ह्यो?" तिनं विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं. पत्र आलं ते साल एकोणऐंशी. दोन वर्षांपूर्वी तानू पोरीला घेऊन खिडकीत बसली होती आणि सेलूच्या फलाटावर कुणी नव्हतं. धुरपतामावशी त्या वेळी इथंच होती, दहाबारा मैलांवर. पत्र धान्याच्या कणगीत होतं.

"मी तेव्हा वाचून दाखवलं असतं तर..." मी म्हणाले आणि थांबले. तेव्हा वर्गच नव्हता.

"तवा तू बाई कुटं झाली हुतीस?" ती म्हणाली. "आन् आसतीस तरी मी दिलं आसतं का? माजीच अट." तिनं पत्राची घडी घातली. मग बराच वेळ कपाळ गुडघ्यांवर टेकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं ठेवू दिला.

उठताना म्हणाली, "आता लिव्हायला शिकीव. लौकर."

वाचण्यापेक्षा लिहिणं तिला सोपं गेलं, कारण तिला काय लिहायचं ते ठाऊक होतं. पहिलं पोस्टकार्ड लिहायला आठ दिवस लागले. त्यात चारच ओळी होत्या. पत्र आज वाचलं. मी येऊ शकले नाही. मी वाचायला शिकले. तू लिही.

प्रश्न होता, उत्तर कुणाच्या पत्त्यावर मागवायचं. मी अप्पांना विचारलं, दुकानाचा पत्ता देऊ का. मला वाटलं होतं ते घाबरतील. माणिकराव आमचे मोठे गिऱ्हाईक, आणि गावात दुकानदारानं कुणाशी वाकडं घेऊन चालत नाही. अप्पांचं सगळं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालं होतं. पोलीस ॲक्शन झाली, कारभार मराठीत आला, आणि सातवी पास सिद्रामप्पा अंगठ्याच्या लायकीचा ठरला. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ते पुन्हा शिकले होते.

"दे," ते म्हणाले. "वाचता येत न्हाई तवा मानसाला कसं व्हतं, ते मला माहीत हाय."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पाकीट होतं, जड. आत तानूनं मोठाली सुटी अक्षरं काढली होती, शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडून, जसं पहिलीच्या मुलासाठी लिहावं. आईच्या चार ओळी बघून तिला कळलं होतं की हा हात नवा आहे. चार पानं होती आणि त्यातला मजकूर पोस्टकार्डावर मावला असता. मावशीनं ते सभामंडपात, माझ्यापासून चार हात लांब बसून, एकटीनं वाचलं. तिचे ओठ हलताना दिसत होते.

हे दीड वर्ष चाललं. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी माणिकराव दुकानात आले. मी मापं धूत होते. नवा पोस्टमन त्यांना सहज बोलून गेला होता की पाटीलबाईंचं टपाल सिद्रामप्पांकडं येतं.

"अप्पा, माझ्या घरचं टपाल तुमच्या दुकानात?" आवाज चढलेला नव्हता.

"पाटील, ज्याचं टपाल त्याच्या हातात पडतं. मी मधी ठिवत न्हाई," अप्पा म्हणाले.

माणिकराव माझ्याकडं वळले. "ती सोता वाचती?"

"हो, काका."

"सोता लिव्हती?"

"हो."

ते उंबऱ्यापर्यंत गेले. मग खाली बघत म्हणाले, "माझ्याबद्दल काय लिव्हती?"

"मी तिची पत्रं वाचत नाही, काका."

ते निघून गेले. त्याच आठवड्यात देवस्थानच्या पंचांनी, ज्यांत माणिकरावही होते, निरोप दिला की सभामंडपात वर्ग भरवता येणार नाही, देवाला विटाळ होतो. दुसरी जागा कुणी देईना. महिन्याभरात केंद्र बंद झाल्याचा कागद आला आणि कचेरीची माणसं गुंडाळी फळा, पाट्या, पुस्तकं सगळं मोजून परत घेऊन गेली. कांबळ्याची फळी कागदोपत्री नव्हती, म्हणून ती राहिली. पंचफुला दोनदा दुकानात येऊन विचारून गेली, "बाई, वर्ग कवा?"

पण एक गोष्ट अशी झाली की तिचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. त्यानंतर तानूची पत्रं सरळ पाटलांच्या घरी यायला लागली, आणि माणिकराव ती फोडत नव्हते, जाळत नव्हते. भिंतीतल्या देवळीत ठेवायचे. बायको रानातून आली की नजरेनं तिकडं दाखवायचे. वर्ग त्यांनीच बंद पाडला, आणि पत्रंही त्यांनीच येऊ दिली.

आबासाहेबांना माझं केंद्र बंद झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी परभणीहून कार्ड टाकलं. नव्या शिक्षिकांना साधनं कशी करायची ते दाखवायला कुणीतरी हवं आहे, येता का? अप्पा या वेळी नाही म्हणाले नाहीत. मी परभणीला खोली घेतली. धुरपतामावशी मला पत्रं लिहायला लागली. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर आलेलं एक मी जपून ठेवलं आहे. त्यात असं आहे:

"नागू, तानू मनमाडला चालली व्हती. सेलूला गाडी थांबली. मी गेल्ते. मालकांनी बैलं जुंपली, पन आत आले न्हाईत. टेशनच्या भाहेर बैलापशी बसले. पाच मिंटं गाडी व्हती. पोरगी पाच वर्साची झाली, तेलगू बोलती. मी तिचे कान बघितले. आमी तिघी काईच बोललो न्हाई, समदं पत्रात बोलून झालं व्हतं. गाडी गेल्यावर मालकांनी इचारलं, पोर कुनावर गेली. मी म्हनले, तुमच्यावर. ते खोटं हाय."

परभणीत माझी वर्षं साधनांच्या संगतीत गेली. स्लाइडचं यंत्र आलं, मग एक रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आला, त्याच्या कॅसेटी कपाटात कुलपात असायच्या. नव्वदीनंतर साक्षरतेची मोठी मोहीम निघाली, पुन्हा नवी पुस्तकं आली. त्र्याण्णवमध्ये कार्यालयात संगणक आला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, दारात चपला काढायचा नियम केला. एक तरुण साहेब आम्हाला म्हणाले की आता धडे यावर तयार होतील, हवी ती चित्रं, हवं ते अक्षर. मी दोन दिवस बसून तो शिकले. पडद्यावर 'ख' उमटला तो अगदी स्वच्छ होता, कुठंही न सुटलेला. मला त्या खोलीत बसून वालूरचा सभामंडप इतका आठवला, की साहेबांनी विचारलं, बाई, बरं वाटत नाही का.

संगणकाचं हे काही मी मावशीला लिहू शकले नाही. ती एक्क्याण्णवच्या वैशाखात गेली. चार दिवसांचा ताप. तानूला तार केली होती, पण ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माणिकरावांनी तिला दारातून परत पाठवलं नाही, इतकंच मला कळलं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागल्यावर आठदहा दिवसांनी, माझ्या कार्यालयाच्या दारात एक बाई उभी राहिली. उंच, चष्मा लावलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. ती कॉलेजला गेल्यापासून मी तिला पाहिलं नव्हतं, तरी उठून उभी राहिले.

"मी तानू," ती म्हणाली. "आम्ही औरंगाबादला आलो होतो. यांना विद्यापीठाची नव्या नावाची कमान बघायची होती. सोळा वर्षं वाट बघितली त्यांनी. ते पुढं नांदेडला बहिणीकडं गेलेत. मी तुम्हाला भेटायला इथं उतरले."

मी तिला आत बसवलं. चहा मागवला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तिची मुलगी चौदा वर्षांची झाली होती, तिला मराठी समजायचं पण वाचता येत नव्हतं. मग तानू हातातला कप खाली ठेवत म्हणाली, "बाई, माझ्याकडं आईची एकशे बारा पत्रं आहेत. पण तिला वाचताना मी कधी ऐकलं नाही. घरात होते तेव्हा ती शिकली नव्हती. स्टेशनवर ती बोललीच नाही. तुम्ही ऐकलंय. कसं वाचायची ती?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हळू वाचायची म्हटलं. मोठ्यानं वाचायची म्हटलं. पण हे काही सांगणं नव्हतं. मी टेबलावरचा एक कागद ओढला आणि मावशीसारखं वाचून दाखवायला लागले, एकेक अक्षर सुटं करत, आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले. तो आवाज माझ्या कानात होता, पण घशात येत नव्हता. तानू माझ्या तोंडाकडं बघत होती. तिचे डोळे अगदी तसे होते, दोन महिने फळ्याकडं बघत बसणाऱ्या बाईचे.

"राहू द्या," ती म्हणाली. "थोडं ऐकू आलं."

संध्याकाळी मी तिला ऑटोनं स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. खिडकीत बसल्यावर तिनं विचारलं, "मुलीला मराठी वाचायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करू? ती पत्रं तिला वाचायची आहेत म्हणते."

"ती वाचायची असतील तर पुस्तक आणू नका," मी म्हणाले. "पहिलंच पत्र काढा. चार ओळींचं. कुठला शब्द तिला आधी हवाय ते तिलाच विचारा."

कंडक्टरनं घंटी दिली. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, हाताच्या वळणाचं, जोडाक्षरांचं, पण गाडी हलली. मी तिच्याबरोबर दहा पावलं चालले, मग समोरून दुसरी गाडी आत आली आणि मला बाजूला व्हावं लागलं. स्टँडबाहेर पेरूवाल्या हातगाड्यांवरून बोलवत होत्या. मी अर्धा किलो पेरू घेतले, घरी एकटीला इतके कशाला लागतात हे माहीत असूनही, आणि खोलीकडं चालत निघाले.